मेल ‘सेंट’ झाला, मग गेला कुठे? पोस्टफिक्सची रांग हाताळण्याचा क्रम

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून शनिवारी दुपारी फोन आला. “सर, कोटेशन सेंटमध्ये दिसतंय, पण पुण्याच्या पार्टीला मिळालेलं नाही.” मी पोचेपर्यंत तिथल्या मुलाने वीसेक वेळा फ्लश मारला होता (म्हणजे अडकलेले सगळे मेल लगेच पुन्हा पाठवायला लावले होते), तीनदा पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, रिस्टार्ट केलं होतं आणि शेवटी वैतागून जायचे थांबलेल्या मेलची अख्खी रांग उडवली होती. रांग रिकामी झाली म्हणून तो खूश होता. त्या कोटेशनसोबत बाकी सगळ्यांचे अडकलेले मेलही पुसले गेले होते, आणि कुणाचे काय पुसलं गेलं याची यादीसुद्धा उरली नव्हती. मूळ बिघाड दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. तो काय होता ते टप्पा ४ मध्ये सांगतो.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या छोट्या कारखान्यांतून आणि पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातदारांच्या ऑफिसांतून मला येणारे बरेचसे फोन याच जातीचे असतात. बिघाड बारीक असतो, रांगेत हात घातल्यामुळे तो वाढतो. म्हणून हा क्रम एकदा लिहून काढतोय.

उदाहरणं पोस्टफिक्सची आहेत. एक्झिम किंवा सेंडमेल असेल तर आज्ञा बदलतील, क्रम बदलणार नाही. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

## सुरू करण्यापूर्वी

चार गोष्टी हाताशी घ्या. पहिली, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा अचूक पत्ता. “पुण्याची पार्टी” हा पत्ता नव्हे, आणि निम्म्या वेळा पत्त्यातच एखादं अक्षर चुकलेलं निघतं. दुसरी, मेल पाठवल्याची वेळ, निदान दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने. तिसरी, सर्व्हरवर रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, प्रवेश. चौथी, लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीची, जागा: डेबियन-उबुंटूवर बहुधा ‘/व्हार/लॉग/मेल.लॉग’, रेड हॅटच्या कुळात ‘/व्हार/लॉग/मेललॉग’.

मग ‘डेट’ आज्ञा देऊन सर्व्हरचं घड्याळ बघा. भाड्याने घेतलेले बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी ३ वाजताचा मेल लॉगमध्ये ९:३० ला सापडेल. तीनच्या आसपास शोधून “लॉगमध्ये काहीच नाही” असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. मीही एकदा काढलाय.

डिस्कही तपासा, ‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ दोन्हीने. जागा शिल्लक असूनही आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद) संपलेले असू शकतात. रांगेतला प्रत्येक मेल ही एक फाइल असते, त्यामुळे रांग फुगली की आयनोड झपाट्याने जातात.

सावधान: या घडीला रिस्टार्ट करू नका. रिस्टार्टने कारण दुरुस्त होत नाही, फक्त थोडा वेळ काहीतरी हलल्यासारखं वाटतं.

## टप्पा १: मेल आपल्या सर्व्हरने घेतला का?

‘सेंट’ फोल्डर हा पुरावा नाही. मेल पाठवणं एका मार्गाने होतं, आणि त्याची प्रत सेंटमध्ये ठेवणं हे बहुतेक वेळा आयमॅपवरून (सर्व्हरवरची मेलपेटी हाताळण्याच्या पद्धतीने) होणारं वेगळं काम असतं. पुरावा लॉगमध्ये असतो.

मजकूर आणि जोडलेल्या फाइल्स पाठवून झाल्या की सर्व्हर ‘२५०’ असं उत्तर देतो. त्या क्षणी मेलची जबाबदारी पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर येते. इथून पुढे मेल पोचवायचा, किंवा पोचला नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं, हे सर्व्हरच्या अंगावर. म्हणूनच पोस्टफिक्स आधी मेल डिस्कवर पक्का लिहितो आणि मगच २५० म्हणतो. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तरी स्वीकारलेला मेल सहसा हरवत नाही तो यामुळे.

लॉगमध्ये घेणाऱ्याचा पत्ता ‘ग्रेप’ करा, म्हणजे त्या आज्ञेने शोधा. मिळालेल्या ओळीत सुरुवातीलाच अक्षरं-आकड्यांचा रांग-क्रमांक असेल. आता तोच क्रमांक पुन्हा ग्रेप करा, म्हणजे त्या मेलचा सगळा प्रवास क्रमाने दिसेल: आधी ‘एसएमटीपीडी’ची ओळ म्हणजे कुठून आला, मग ‘क्लीनअप’ची ओळ मेसेज-आयडीसह, मग ‘क्यूएमजीआर’ची (रांग सांभाळणाऱ्या क्यू मॅनेजरची) ओळ आकारमान आणि पत्त्यांच्या संख्येसह, आणि शेवटी ‘एसएमटीपी’ची ओळ, जिच्यात निकाल असतो.

रांग-क्रमांकाऐवजी ‘नोक्यू: रिजेक्ट’ दिसलं तर मेल रांगेत शिरलाच नाही. मग पुढचे सगळे टप्पे गैरलागू. याची आमच्या भागातली दोन नेहमीची कारणं:

मोठी ड्रॉइंग जोडणं. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट्सची आहे, पण जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाहून जास्त फुगते. त्यामुळे ७ एमबीच्या थोडं पुढे गेलं की फाइल अडते, आणि माणूस म्हणतो, “दहाची मर्यादा आहे ना, माझी तर आठचीच आहे!”

डिस्क भरणं. मोकळी जागा त्या मर्यादेच्या दीडपटीखाली गेली की पोस्टफिक्स नवा मेल घेणं थांबवतो आणि ‘४५२’ सांगतो.

तपासा: रांग-क्रमांक मिळाला? कागदावर लिहून घ्या. यापुढचं सगळं त्याच्याच आधाराने चालतं.

## टप्पा २: मेल कोणत्या रांगेत आहे?

‘क्यू’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच रांग येते. प्रत्यक्षात त्या अनेक असतात. लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिला असेल तर हे लगेच डोक्यात बसेल. बाहेर रस्त्यावर उभे असलेले ट्रॅक्टर म्हणजे ‘इनकमिंग’. आवारात लिलावाच्या ओळीत लागलेले ते ‘ॲक्टिव्ह’. ओळीतली जागा ठरावीक असते, पोस्टफिक्समध्ये मुळात २०,००० मेलची. ज्यांचा माल आत्ता उचलला जात नाही, ते बाजूला लावलेले म्हणजे ‘डिफर्ड’. मधूनमधून त्यांना पुन्हा ओळीत घेतलं जातं.

याखेरीज ‘होल्ड’ असते. तिच्यातला मेल तुम्ही सोडेपर्यंत जागचा हलत नाही. सर्व्हरवरच्याच एखाद्या प्रोग्रॅमने टाकलेले मेल आधी ‘मेलड्रॉप’मध्ये पडतात. वाचता न येणाऱ्या फाइल्स ‘करप्ट’मध्ये जातात.

रांग बघायची आज्ञा ‘पोस्टक्यू -पी’. क्रमांकापुढे तारा असेल तर मेल ॲक्टिव्हमध्ये आहे, उद्गारचिन्ह असेल तर होल्डमध्ये. दोन्ही नसेल तर बहुधा डिफर्डमध्ये, आणि त्याखाली कंसात कारण छापलेलं असतं. हे कारण वाचायचं सोडून किती मेल अडकलेत एवढंच मोजत बसणं, ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

मेल शेकड्यांनी असतील तर ‘क्यूशेप डिफर्ड’ चालवा. कोणत्या डोमेनचे किती आणि किती मिनिटांपासून अडकलेत याचा तक्ता येतो. रेड हॅटच्या कुळात ही आज्ञा वेगळ्या पॅकेजमधून घ्यावी लागते, ती निवांत वेळी घालून ठेवा. एकाच डोमेनची ओळ फुगलेली दिसली तर अडचण बहुतेक समोरच्याची किंवा आपल्या आणि त्याच्या मधल्या रस्त्याची. सगळ्या ओळी सारख्याच फुगल्या असतील तर अडचण आपल्याच घरात.

## टप्पा ३: कारण नीट वाचा

या टप्प्यावर घाई नको. निकालाच्या ओळीतले तीन तुकडे बघायचे.

स्टेटस. ‘सेंट’ म्हणजे पुढच्याने घेतला. ‘डिफर्ड’ म्हणजे पुन्हा प्रयत्न होणार. ‘बाऊन्स्ड’ म्हणजे विषय संपला, पाठवणाऱ्याला परतीचा मेल गेला.

इथे एक सापळा आहे. ‘सेंट’ दिसलं तरी त्याच ओळीत ‘रिले’पुढे (मेल ज्याच्या हाती दिला त्या सर्व्हरच्या जागी) १२७.०.०.१ असेल, तर मेल फक्त तुमच्याच सर्व्हरवरच्या व्हायरस-स्पॅम फिल्टरकडे गेला आहे. फिल्टर तो परत देतो तेव्हा त्याला नवा रांग-क्रमांक मिळतो. ओळीच्या शेवटी ‘क्यूड ॲज’नंतर तो दिसेल. खरा शोध त्या नव्या क्रमांकाने घ्यायचा. पहिल्या ‘सेंट’वर थांबून “आमच्याकडून गेलाय” असं छातीठोक सांगणारे मागाहून तोंडघशी पडतात.

डीएसएन कोड, म्हणजे निकालाचा तीन आकडी संकेत. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर कायमची. ‘५.१.१’ म्हणजे असा पत्ताच नाही. ‘४.२.२’ म्हणजे समोरची पेटी भरली आहे. ‘४.४.१’ म्हणजे समोरच्या सर्व्हरपर्यंत जोडणीच झाली नाही. ‘५.७.१’ म्हणजे धोरणात बसत नाही म्हणून नाकारला. ४५० किंवा ४५१ बरोबर ‘ग्रेलिस्ट’ हा शब्द दिसला तर काहीही करू नका. अनोळखी सर्व्हरला “थोड्या वेळाने या” असं मुद्दाम सांगण्याची ती पद्धत आहे. पुढच्या प्रयत्नात मेल बहुधा जातो.

डिलेज. तिरक्या रेघांनी तोडलेले चार आकडे, सेकंदांत. पहिला: मेल आल्यापासून शेवटचा ॲक्टिव्हमध्ये शिरेपर्यंतचा वेळ. दुसरा: ॲक्टिव्हमध्ये खोळंबल्याचा. तिसरा: समोरच्याशी जोडणी करण्याचा, यात नाव शोधणं आणि टीएलएस (जोडणी सांकेतिक करणं) हेही आलं. चौथा: प्रत्यक्ष मेल देण्याचा. पहिला आकडा मोठा बघून घाबरू नका, मेल डिफर्डमध्ये पडून होता एवढाच त्याचा अर्थ. दुसरा मोठा असेल तर आपलीच ओळ तुंबली आहे. तिसरा ३० च्या आसपास असेल तर जोडणीची मुदत संपली असणार, कारण पोस्टफिक्स मुळात ३० सेकंदच वाट बघतो.

तपासा: अडचण तात्पुरती की कायमची, आपली की समोरची, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: रस्ता तपासा, तोही सर्व्हरवरूनच

स्वतःच्या लॅपटॉपवरून तपासणी करून उपयोग नाही. लॅपटॉपचं नेट वेगळं, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) वेगळा.

सर्व्हरवर ‘डिग’ने समोरच्या डोमेनच्या एमएक्स नोंदी (त्या डोमेनचा मेल कोणता सर्व्हर घेतो याच्या नोंदी) काढा. ज्या नोंदीचा आकडा लहान, तिथे आधी जायचं असतं, हे उलटं धरू नका. एमएक्स नोंद नसेल तर सर्व्हर त्या डोमेनच्या साध्या पत्त्यावर प्रयत्न करतो. मग सर्वांत लहान आकड्याच्या सर्व्हरला २५ क्रमांकाच्या पोर्टवर ‘टेलनेट’ करा. ‘२२०’ने सुरू होणारं स्वागत आलं तर रस्ता मोकळा. कुठल्याही डोमेनचं स्वागत येत नसेल तर बाहेर जाणारा २५ पोर्टच बंद असणार. अनेक क्लाउड आणि इंटरनेट पुरवठादार तो बंदच ठेवतात. अशा वेळी ५८७ वर लॉगिन करून पाठवू देणारा रिले, म्हणजे आपला मेल पुढे नेणारा मधला सर्व्हर, लावण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता अंबडचा बिघाड. शुक्रवारी राउटर बदलला होता आणि डीएनएसचा पत्ताही बदलला होता. मुलाने सर्व्हरच्या ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये तो बदलला, ‘डिग’ चालवून पाहिलं, सगळं ठीक. मात्र रांगेत प्रत्येक मेलपुढे ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’. डेबियन-उबुंटूवर बहुधा पोस्टफिक्सचा पाठवणारा भाग स्वतःच्या कोंडलेल्या फोल्डरात चालतो आणि ती फाइल वाचतो ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी’मधून. ही प्रत पोस्टफिक्स सुरू होताना तयार होते. त्याने तीनही रिस्टार्ट फाइल बदलण्याच्या आधी मारले होते, नंतर एकही नाही. दोन्ही फाइल्स शेजारीशेजारी उघडल्या असत्या तर फरक लगेच दिसला असता.

## टप्पा ५: पुढचा प्रयत्न कधी, हे आधी मोजा

रांगेला स्वतःचं गणित असतं. ते कळलं की फ्लशकडे जाणारा हात आपोआप थांबतो.

क्यू मॅनेजर दर ३०० सेकंदांनी डिफर्ड चाळतो. एकदा अडलेल्या मेलला कमीत कमी ३०० सेकंद थांबावं लागतं. मेल जितका जुना होत जातो तितका पुढचा थांबा लांबतो: साधारण पाच मिनिटं, दहा, वीस, चाळीस, असं करत जास्तीत जास्त ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सहा मिनिटं चाळीस सेकंद. असे प्रयत्न ५ दिवस चालतात. मगच तो परत जातो. हे सगळे मूळ आकडे, कुणी बदलले असतील तर ‘पोस्टकॉन्फ -एन’मध्ये दिसतील.

म्हणजे सोमवारी अडलेला मेल परत आल्याचं शनिवारी कळतं, आणि मधल्या काळात पाठवणाऱ्याला कसलीच सूचना नसते, कारण उशिराची सूचना मुळात बंद असते. ‘डिले_वॉर्निंग_टाइम’ ४ तासांवर ठेवा. निर्यातीच्या हंगामात, कंटेनर निघायच्या बेतात असताना, कागद अडकल्याचं चार तासांत कळणं आणि पाच दिवसांनी कळणं यात फार अंतर आहे. ही सूचना आली म्हणजे मेल परत आला असं नव्हे, हे ऑफिसातल्या मंडळींना आधीच सांगून ठेवा. नाहीतर एकच इन्व्हॉइस चार वेळा जातं.

काही जण घाईघाईने पाच दिवसांचे काही तास करतात. करू नका. समोरच्याचा सर्व्हर शनिवार-रविवार बंद राहू शकतो.

सावधान: ‘पोस्टक्यू -एफ’ पुन्हापुन्हा मारू नका. कोणतं ठिकाण आत्ता बंद आहे हे क्यू मॅनेजर ध्यानात ठेवून त्याला थोडा वेळ टाळत असतो. फ्लशने ते सगळे मेल एकदम ॲक्टिव्हमध्ये येतात, बंद दारांवर धडका देत बसतात, आणि जे व्यवस्थित जाऊ शकले असते ते मागे तुंबतात. समोरच्याने आधीच “हळू पाठवा” म्हटलं असेल तर तो आणखी चिडतो.

## टप्पा ६: आधी दुरुस्ती, मग एक मेल, मग बाकीचे

क्रम हाच. कारण दूर करा. सेटिंग बदललं असेल तर ‘पोस्टफिक्स चेक’ आणि मग ‘पोस्टफिक्स रीलोड’. डीएनएसच्या वरच्यासारख्या भानगडीत मात्र एकदा पूर्ण रिस्टार्ट लागतो. मग ‘पोस्टक्यू -आय’ आणि पुढे रांग-क्रमांक, असा एकच मेल सोडा. लॉगवर ‘टेल -एफ’ लावून निकाल बघा. ‘सेंट’ आणि पाठोपाठ ‘रिमूव्ह्ड’ आलं की मग ‘पोस्टक्यू -एफ’. एकदाच.

रिले किंवा ट्रान्सपोर्ट (मेल कोणत्या मार्गाने पाठवायचा ती सेटिंग) बदलल्यावर जुन्या मेलसाठी वेगळं काही करावं लागत नाही, पुढच्या प्रयत्नात ते नव्या रस्त्याने जातात. व्हर्च्युअल एलियस (एका पत्त्याचा मेल दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारी नोंद) बदलला असेल तर गोष्ट निराळी. पत्ता बदलण्याचं काम मेल रांगेत शिरतानाच उरकलेलं असतं, त्यामुळे ‘पोस्टसुपर -आर’ने मेल पुन्हा पहिल्यापासून रांगेत घालावा लागतो. तेव्हा त्याला नवा क्रमांक मिळतो, तो टिपून घ्या.

पाठवता पाठवता जोडणी तुटली आणि समोरच्याचं शेवटचं २५० आपल्यापर्यंत पोचलं नाही, तर तोच मेल दुसऱ्यांदा जाऊ शकतो. हा बिघाड नाही. मेल हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला बरा, या हिशेबानेच सगळं बांधलेलं आहे.

एकाच मोठ्या पुरवठादाराकडे शेकडो मेल जायचे असतील, उदाहरणार्थ पगाराच्या स्लिपा, तर त्यांच्यासाठी ‘मास्टर.सीएफ’मध्ये वेगळा ट्रान्सपोर्ट करून त्याचा वेग कमी ठेवा. पोस्टफिक्स मुळात एका ठिकाणी एकाच वेळी २० जोडण्यांपर्यंत चढतो. एखाद्या छोट्या कारखान्याच्या सर्व्हरकडून एवढी गर्दी अचानक आली की मोठे पुरवठादार ४२१ देऊन दार लावतात. दोन-तीन जोडण्या किंवा दोन डिलिव्हरींमध्ये एका सेकंदाचं अंतर एवढ्यावर भागतं.

## टप्पा ७: डिलीट करायचंच असेल तर

खरोखर डिलीट करण्याची वेळ एकाच प्रसंगी येते: कुणाचा तरी पासवर्ड फुटला आहे आणि तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम सुटतोय. तेव्हाही डिलीट हे शेवटचं काम. आधी त्या खात्याचा पासवर्ड बदला, नाहीतर तुम्ही पुसत राहाल आणि तो भरत राहील.

मग ‘पोस्टसुपर -एच’, पुढे मोठ्या अक्षरांत ‘ऑल’, पुढे ‘डिफर्ड’. डिफर्डमधले सगळे थांबतील. इथे छोटा एच मेल थांबवतो, मोठा एच सोडतो. या एका अक्षरापायी हजारो स्पॅम बाहेर गेलेले मी पाहिलेत. ‘पोस्टकॅट -क्यू’ने चार-पाच मेल उघडून खात्री करा. मग ‘पोस्टक्यू -जे’च्या यादीतून त्याच प्रेषकाचे क्रमांक वेगळे काढा आणि ‘पोस्टसुपर -डी’ला हायफन देऊन ते त्याच्यात ओता. उरलेले मोठ्या एचने सोडा. ‘मेलर-डेमन’च्या नावाने पडलेले परतीचे मेलही तपासा. त्यातले स्पॅमचे पुसा, बाकीच्यांना हात लावू नका. कुणाचं तरी खरं पत्र न पोचल्याची ती खबर असते.

‘/व्हार/स्पूल’मध्ये शिरून ‘आरएम’ने फाइल्स उडवू नका. रांग दुसऱ्या मशीनवर नेताना चालू पोस्टफिक्सवरून कॉपी करू नका. दोन्हीकडे पोस्टफिक्स बंद करा, कॉपी करा, आणि नव्या मशीनवर सुरू करण्यापूर्वी ‘पोस्टसुपर -एस’ चालवा. रांगेतल्या फाइलचं नाव बहुधा तिच्या आयनोडवरून पडलेलं असतं. जागा बदलली की ते जुळत नाही, ही आज्ञा ते जुळवून देते.

## फोनवर काय सांगायचं

मेल गेल्यावर निकालाच्या ओळीत कंसात समोरच्या सर्व्हरचं उत्तर असतं: २५०, आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडचा रांग-क्रमांक. ही तुमची पावती. वेळ भारतीय वेळेत बदलून घ्या आणि ही ओळ जशीच्या तशी समोरच्या पार्टीच्या आयटीवाल्याला पाठवा. “आमच्याकडून गेलाय, तुम्ही स्पॅम बघा” यावर कुणी हलत नाही. त्याच्याच सर्व्हरने दिलेला क्रमांक समोर ठेवला की तो स्वतःच्या लॉगमध्ये शोधतो. अंबडच्या मुलाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “पण सर, ते कोटेशन तर मी डिलीट केलं ना?” सेंट फोल्डर उघडायला लावलं आणि पुन्हा पाठवायला सांगितलं. त्या फोल्डरचा तेवढा उपयोग मात्र आहे.